मोहावरची नावं

रत्नमालेला रिकामं बसलेलं लेकरू पाहवत नसे. मोठ्या माणसांचं ती एक वेळ चालवून घेई. नवरा तेजराम भर दुपारी ओसरीवर घोरत पडला, तर त्याच्या बाजेला वळसा घालून मुकाट्यानं आपल्या कामाला लागे. पण एखादं पोर चिंचेखाली बसून नुसतं नाक उकरताना दिसलं, की हिचं हातातलं काम सुटलंच. लगेच त्याला हाक मारायची, पुढ्यात पाटी टाकायची आणि म्हणायचं, "नाव काय तुहं? लिहून दाखव बरं." एकोडीतली अर्धी पोरं त्या काळात तिच्या घरावरून जाताना धूम ठोकून जात, ती उगाच नाही.

ती मूळची चिखल्याची. बाप दादाजी मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली उतरायचा आणि आई बायजाबाई खाण-कॉलनीतल्या नळावर जगाशी भांडायची. बापाची चिकाटी आणि आईचा आवाज, दोन्ही पोरीत उतरले. दहावीत गणितानं तिला दोनदा आडवं पाडलं. तिसऱ्यांदा ती त्याच्या उरावर बसून पास झाली. मग लग्न होऊन धानाच्या मुलखात, साकोली तालुक्यातल्या एकोडीत आली, चिखलात उभं राहून रोवणी करायला शिकली, तीन लेकरांची आई झाली. अंगणवाडीच्या नोकरीसाठी तिनं दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा ती नोकरी दुसरीकडे गेली. तिला वाईट वाटलं. पण वाईट वाटून घेण्यात तिनं उभ्या आयुष्यात कधी दोन दिवसांच्या वर घालवले नाहीत.

गोंदिया वेगळा निघून भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, त्याला तीन-चार वर्षं झाली असतील. भंडाऱ्याच्या एका संस्थेनं तेव्हा गावोगाव उन्हाळी वर्ग सुरू करायचं ठरवलं. पाच ते आठ वर्षांची लेकरं, दीड महिना, रोज दोन तास, लिहिणं-वाचणं आणि जोडीला खेळ-गाणी. फी नाही. शिकवणाऱ्यालाही जवळजवळ काही नाही. रत्नमालेनं हे ऐकलं मात्र, दुसऱ्याच दिवशी एस.टी. धरून तीन दिवसांच्या शिबिराला भंडाऱ्याला गेली. येताना पितळेच्या दुकानातून एक घंटी घेऊन आली आणि सोबत एक नवा शब्दही आणला: सक्षमीकरण.

"म्हंजे काय वं?" तेजरामनं विचारलं.

"म्हंजे लेकरानं उभं राहून, कोनाले न भेता, आपलं म्हननं सांगावं. मी कोन, मले काय पाहिजे, काय नाई पाहिजे. एक मॅडम घंटाभर समजावून सांगत होत्या."

तेजरामनं थोडा विचार केला. "म्हंजे आता घरचे पोट्टे बी आपलं आयकनार नाई," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

गावाची अडचण वेगळीच होती. वर्ग फुकट होता, हीच ती अडचण. फुकटात तर कोणी शिवीही देत नाही, मग ही बाई रोज दोन तास घसा कोरडा का करते? कोणी म्हणालं, ग्रामपंचायतीला उभी राहणार आहे. कोणी म्हणालं, संस्थेकडून पोरामागे गहू मिळतो आणि ती तो दडवून ठेवते. सासू तर तोंडावरच म्हणायची, घरच्या सुपात धान तसंच पडलंय आणि ही लष्कराच्या भाकऱ्या भाजतेय. पहिल्या साली आठ लेकरं आली. त्यातली दोन तिची स्वतःची होती. संस्थेच्या पाट्यांची पेटी चुकून गोंदियाच्या गाडीत गेली, कारण पेट्या पाठवणाऱ्या कारकुनाला नवे जिल्हे अजून अंगवळणी पडले नव्हते. पेटी परत येईपर्यंत पंधरा दिवस रत्नमालेनं अंगणातल्या धुळीवर काडीनं शिकवलं. धुळीवर चुकलेलं अक्षर तळहातानं लगेच पुसता येतं, त्यामुळे लेकरं चुकायला भीत नाहीत, हे तिच्या तिथंच ध्यानात आलं. पाट्या आल्यावरही ती नव्या पोराला आधी धुळीवरच बसवायची.

तिची आणखी एक रीत होती. संस्थेच्या तक्त्यावर अ अननसाचा होता. एकोडीत कोणी अननस पाहिला होता? लेकरं त्या चित्राला कोणी म्हणे कणीस, कोणी म्हणे साळिंदर. दोन दिवस हा तमाशा पाहून तिनं तक्ता उलटा करून भिंतीला टेकवला आणि ठरवलं की ज्याला त्याला पहिलं अक्षर शिकवायचं ते त्याच्या स्वतःच्या नावातलं. अंकुशचा अ, सुगतचा सु, रीनाचा री. स्वतःचं नाव कोणाला नको असतं? आठ दिवसांत लेकरं आपलं नाव लिहू लागत, मग भावाचं, मग बैलाचं, आणि असं करता करता सगळी बाराखडी कधी हाताखालून गेली ते त्यांना कळतही नसे.

वर्ग भरायचा बौद्ध मोहल्ल्यातल्या समाजमंदिरात. चौदा एप्रिलची मिरवणूक झाली की पंधरा एप्रिलला रत्नमालेची घंटी वाजलीच. दोन साली तिच्या मोहल्ल्यातलीच लेकरं आली. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला, तलावाच्या पाळीखाली मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं होती, आणि तिथली पोरं वर्गाच्या वेळेला पाळीवर शेळ्यांमागं फिरताना तिला लांबून दिसायची. ते दिसलं की तिला शिकवणं गोड लागत नसे. तिसऱ्या साली तिनं पदर खोचला आणि सरळ गुणाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली.

ढिवर मोहल्ल्यात गुणाबाईचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. साठीची बाई, काटक, आवाज असा की तलावाच्या या पाळीवरून बोलली तर त्या पाळीवरचा बगळा उडावा. मुलगा मुरारी आणि सून तलावात जाळं टाकायचे. घरी सात वर्षांची नात नीतू आणि दीड वर्षाचा नातू मुन्ना. नीतूचं नाव शाळेत घातलेलंच नव्हतं. मुन्नाला कडेवर घ्यायला आणि आजीसोबत मोह वेचायला कोणीतरी पाहिजे, ती कोणीतरी म्हणजे नीतू.

"मावशी, पोरीले दोन घंटे माह्याकडे पाठवा," रत्नमाला म्हणाली. "अन् जूनमंधी शाळेत टाका."

"अन् मोह कोन वेचन? तुहा संस्थावाला?"

"मी वेचतो," रत्नमाला म्हणाली.

गुणाबाईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चिखल्याच्या खाण-कॉलनीतली पोर, तेजरामच्या घरी मोहाचं एक झाड नाही, ही काय मोह वेचणार? पण सौदा वाईट नव्हता. "रोज एक टोपली भरून देशील तं नीतू दोन घंटे तुही," ती म्हणाली. "पोरगी मुन्नाले संग घेऊन येईन. पन माह्या कामात खोट आली, तं त्याच दिवशी बंद. शाळेचं मोह संपल्यावर सांगीन. आतापासून मांगं लागू नको."

आणि खरोखरच, त्या एप्रिलात रत्नमाला रोज पहाटे गावाबाहेरच्या मोहाच्या बनात वाकून फुलं वेचू लागली. मोहाचं फूल रात्रभर टपटपतं आणि ऊन चढायच्या आत उचलावं लागतं. खालची जमीन आधीच झाडून, पालापाचोळा जाळून स्वच्छ ठेवलेली असते, म्हणजे पिवळसर फूल नीट दिसतं. पहिल्या दिवशी तिनं टोपलीत फुलांपेक्षा खडेच जास्त भरले. गुणाबाई म्हणाली, "मास्तरीन, हे वाळवून खायचं आहे, घर नाई बांधायचं." आठवडाभर कंबर मोडली. पण नीतू वर्गात येऊ लागली, आणि तिच्या मागोमाग पाळीखालची आणखी नऊ लेकरं आली.

नीतू बोलत नसे. सक्षमीकरणाच्या तासाला एकेक लेकरू उभं राहून "मी अमुक, मले तमुक पाहिजे" असं मोठ्यानं सांगायचं. रत्नमालेचा धाकटा सुगत रोज उठून सांगायचा, "मी सुगत, मले घोडा पाहिजे." नीतू नुसती उभी राहायची, कडेवर खडू चघळणारा मुन्ना, आणि मान खाली. पण धुळीवर तिचं बोट सगळ्यांच्या पुढे धावायचं. दहा दिवसांत तिनं स्वतःचं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, मुन्नाचं लिहिलं. "आनखी कोनाचं?" असं ती नजरेनंच विचारी. रत्नमाला घरी येऊन तेजरामला सांगे, "ही पोरगी शाळेत गेली नाई तं मले जेवन गोड लागनार नाई." तेजराम म्हणे, "तुले तं कोनत्याच गोष्टीनं जेवन गोड लागत नाई, पन जेवतेस बरोबर." ती हसे. पण तिनं ते मनापासूनच म्हटलेलं होतं.

मोह संपायला आला होता. चार-सहा दिवसांचं काम उरलं होतं. त्या सकाळी वर्ग सुटताना रत्नमालेला हुरूप आला आणि तिनं प्रत्येकाच्या हातावर एकेक अख्खा खडू ठेवला. "उद्यापर्यंत आपलं नाव अशा जागी लिहायचं, की दहा लोकांच्या नजरेत भरलं पाहिजे," तिनं फर्मान काढलं. तिच्या मनात घरांची दारं होती, ओसरीचे खांब होते, ग्रामपंचायतीची भिंत होती. पण लेकरांच्या डोक्यानं विचार करायला ती त्या दिवशी विसरली. एप्रिलाच्या शेवटाला एकोडीतल्या दहा लोकांची नजर कुठे असते? दारावर नाही आणि ग्रामपंचायतीवर तर नाहीच. ती मोहाच्या झाडावर असते.

आता इथं मोहाच्या झाडाचा कायदा सांगायला हवा. जमीन कागदावर कोणाची का असेना, कोणत्या झाडाखालचं फूल कोणी वेचायचं हे एकोडीत आजे-पणज्यांपासून ठरलेलं. हंगाम सुरू झाला की त्या त्या घरची बाई आपल्या झाडाच्या खोडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधते, की झाड तिचं झालं. चिंधीचा रंग गावाला पाठ असतो. दुसऱ्याच्या झाडाखाली वाकणं म्हणजे चोरी, आणि दुसऱ्याच्या झाडावर खूण करणं म्हणजे उघड उघड दरोडा. त्यात आणखी एक भीती होती. मागे रस्ता रुंद करायच्या वेळी कोणी साहेब येऊन काही झाडांवर पांढरे आकडे टाकून गेले होते, आणि आठवड्याच्या आत ती झाडं आडवी झाली होती. तेव्हापासून झाडावर पांढरं काही दिसलं की बायांच्या काळजात धस्स व्हायचं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रत्नमाला टोपली घेऊन निघाली, तर बन अजून दिसायच्या आत तिला बनातला आवाज ऐकू आला.

वीस-बावीस झाडं होती. त्यातल्या सतरा झाडांवर, लेकराचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, पांढरीशुभ्र अक्षरं. काळपट खोडावर ती अशी उठून दिसत होती की कोणत्याही मास्तराला अभिमान वाटावा. रत्नमालेला क्षणभर वाटलाही. मग तिनं खाली पाहिलं, तर मंदाबाईच्या समोर गुणाबाई आपल्या झाडावरची अक्षरं पाठीआड करून उभी होती आणि टोपल्या लाथेनं उडालेल्या होत्या. मंदाबाई रत्नमालेच्या मोहल्ल्यातली. दोघींची झाडं शेजारी शेजारी, आणि मधल्या एका मोठ्या झाडावरून त्यांच्या सासवांच्या काळात एकदा जुंपली होती. ते झाड गुणाबाईकडे राहिलं होतं, पण त्याची धग काही विझली नव्हती.

"मी म्हनलंच होतं!" गुणाबाई ओरडत होती. "हिनं नातवाच्या हातानं माह्या झाडावर नाव टाकलं! आमाले वाचता येत नाई म्हनून लिखापढी करून झाड घेऊन राहिले!"

"माह्या झाडावर काय तुह्या बापानं लिवलं?" मंदाबाई म्हणाली. "माह्या झाडाले बी पांढरं फासलं आहे ना!"

"मावशी, मी वाचून दाखवतो," रत्नमाला पुढे झाली. "हे पोट्ट्याईचं काम आहे, मीच सांगितलं—"

"तूच सांगितलं?" गुणाबाई गर्रकन वळली. आणि रत्नमालेला कळलं की आपण तोंड उघडलं ते अगदी चुकीच्या वाक्यानं. "तूच? म्हनून टोपली भरून देत होती का वं माही? रोज माह्या झाडाखाली येऊन झाड पाहून ठेवत होती? खबरदार त्याले हात लावशील तं! पुसायचं बी नाई अन् वाचायचं बी नाई. पंच पाह्यतीन!" तिनं मोह भरायला आणलेला बारदाना उचलला, त्या मधल्या झाडाभोवती गुंडाळला आणि आपल्याच चिंधीनं करकचून बांधला, म्हणजे दुसऱ्याचं नाव आपल्या झाडावर लोकांना दिसायला नको. मग जाता जाता म्हणाली, "नीतू आजपासून येनार नाई. जूनचं तं नावच काढू नको."

रत्नमाला तिथंच मोहाच्या मुळीवर बसली. तिला रडू आलं, चांगलं हुंदका देऊन आलं. झाडांचं भांडण मिटलं असतं, गावात भांडणं काय मिटतच असतात. पण पंधरा दिवस कंबर मोडून जे पोर तिनं मिळवलं होतं, ते एका खडूच्या तुकड्यानं गेलं. आणि खडू देणारा हात तिचाच होता.

रडून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं आणि झाडांवरून एक फेरी मारली. तिसऱ्या झाडावर "सुगत". सहाव्या झाडावर "सुगत". नवव्यावरही "सुगत", आणि तिथं तर शेजारी घोडा काढलेला. दहाव्यावर अंकुश, मग रीना. ढिवर मोहल्ल्यातल्या पोरांनी बौद्ध मोहल्ल्याच्या झाडांवर लिहिलं होतं, बौद्ध मोहल्ल्याच्या पोरांनी ढिवरांच्या. ज्याला जे झाड गुळगुळीत सापडलं ते त्याचं. बारदान्याला मात्र तिनं हात लावला नाही.

पंच बसले त्याच सकाळी, झाडाखालीच. पंच म्हणजे मुख्यतः नत्थूबुवा. सत्तरीचा माणूस, वादात बसायची हौस मोठी. मुरारी ओल्या जाळ्यासकट तलावावरून आला होता. दोन्ही मोहल्ले लोटले होते. नत्थूबुवा पहिल्या झाडापाशी गेले, अक्षरांकडे बराच वेळ गंभीरपणे पाहिलं आणि म्हणाले, "चष्मा घरी राहिला." बुवांकडे चष्मा नव्हता हे सगळ्या गावाला माहीत होतं, पण पंचाचा मान म्हणून कोणी हसलं नाही.

"बुवा, मी वाचनार नाई," रत्नमाला म्हणाली. "मी वाचलं तं लोक म्हनतीन, हिनं आपल्या मनचं वाचलं. ज्यानं लिवलं त्यालेच वाचू द्या. माहे सगळे पोट्टे हाजीर आहेत. ज्यानं त्यानं आपन लिवलेल्या झाडाखाली उभं राहावं." आणि तिनं कमरेची पितळी घंटी वाजवली.

झाडांमागे, बायांच्या लुगड्यांमागे, टोपल्यांमागे लपलेली पोरं एकेक करून बाहेर आली. वर्गाची घंटी होती, तिला नाही म्हणायची सवय त्यांना नव्हती. ती झाडांखाली जाऊन उभी राहिली. सुगत गोंधळून तीन झाडांमध्ये पळत राहिला.

"कोन आहेस? काय लिवलं?" नत्थूबुवांनी विचारलं.

"मी अंकुश!" अंकुश छाती काढून ओरडला. "मी अंकुश लिवलं!"

"काहून लिवलं? झाड पाहिजे का तुले?"

"नाई. झाड काय करू?" अंकुशला प्रश्नच कळला नाही. "बाईनं सांगितलं, दहा लोकाईले दिसलं पाहिजे. इथं सगळेच येतात."

मंदाबाईच्या झाडाखालून एक ढिवराचं पोर ओरडलं, रीना ओरडली, आणि सुगत शेवटी नवव्या झाडाशी थांबून म्हणाला, "मी सुगत! मले घोडा पाहिजे!" तेव्हा मात्र नत्थूबुवांसकट सगळं गाव हसलं. मंदाबाईला हसू आवरेना. दरोडेखोर सहा-सहा वर्षांचे निघाले, आणि एकालाही झाड नको होतं.

गुणाबाई हसली नाही. ती आपल्या झाडापुढे हात बांधून उभी होती. "हे ठीक आहे," ती म्हणाली. "पन माह्या झाडाखाली कोनी उभा राहिला नाई. हे कोनाचं आहे मंग?"

खरंच, त्या झाडाखाली कोणी नव्हतं. मुरारीनं पुढे होऊन चिंधी सोडली, बारदाना खाली पडला. रत्नमालेनं अक्षरं पाहिली, आणि तिनं आपला ओठ दाताखाली घट्ट धरला, कारण बोलायचं नाही असं तिनंच कबूल केलं होतं.

"कोनी लिवलं?" नत्थूबुवा म्हणाले.

गर्दीतून मुन्नाला कडेवर घेऊन नीतू पुढे आली. मुन्नाचं तोंड खडूनं पांढरं झालेलं. तिनं मुन्नाला खाली ठेवलं. झाडाशी गेली. मान खाली होती, पण बोट वर होतं. तिनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच चारचौघांत मोठ्यानं बोलली.

"गु... णा... बा... ई."

मंदाबाईची टोपली हातातच राहिली.

"काय म्हनलं?" गुणाबाईनं विचारलं.

"गुणाबाई," नीतू म्हणाली. "मी आपलंच लिवनार होती. सगळे आपलं आपलं लिवत होते. पन झाड तं तुहं आहे ना, आजी. मंग माहं नाव कसं लिवू?"

बारा-पंधरा पोरं होती, त्यांच्यातली निम्मी चुरचुरीत बोलणारी. पण झाडावर नाव म्हणजे काय, हे त्या सगळ्यांत या एकट्या मुक्या पोरीला ठाऊक होतं, आणि मिळालेला अख्खा खडू तिनं आजीच्या हक्कासाठी झिजवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. गुणाबाई सकाळपासून ज्या नावाविरुद्ध गावभर ओरडत होती, ते तिचंच होतं. रत्नमालेला एकीकडे हसू येत होतं आणि दुसरीकडे रडू येत होतं. तिनं दोन्ही येऊ दिलं.

गुणाबाई झाडाजवळ गेली. तिनं बोट लावलं नाही, पुसलं जाईल म्हणून. नुसतं जवळून पाहिलं, आधी या बाजूनं, मग त्या बाजूनं.

"हे एवढं माहं आहे?" तिनं विचारलं. "एवढं लांब?"

"हो," नीतू म्हणाली.

"मंदाचं केवढं होते?"

"तेवढंच," नीतूनं बोटांवर मोजून प्रामाणिकपणे सांगितलं, आणि आजीचा चेहरा थोडा पडला.

मंदाबाई तेवढ्यात पुढे आली. "माह्या झाडावर माहं नाव काहून नाई?" ती म्हणाली. "माह्या एका झाडावर भलत्याच पोट्ट्याचं नाव, अन् दुसऱ्यावर त्या सुगत्याचा घोडा काढला आहे! लोकं उद्या म्हनतीन, हे झाड घोड्याचं आहे." मागच्या बायाही सरकल्या. चंद्रभागाबाईनं आपल्या झाडाकडे बोट केलं, रुखमिणीनं आपल्या. इतकी वर्षं चिंधीनं भागलं होतं, पण आता एकीच्या झाडावर नाव पडलं म्हटल्यावर चिंधीत कोणाचं मन रमेना. नत्थूबुवांनी निकाल द्यायला घसा खाकरला, पण त्यांना कोणी विचारलंच नाही.

गुणाबाई सगळ्यांना हातानं मागे सारत रत्नमालेसमोर आली. माफी-बिफी मागण्यातली ती बाई नव्हती. "मास्तरीन," ती म्हणाली, आणि आज पहिल्यांदा त्या शब्दात टोमणा नव्हता. "शाळा जूनच्या कोनत्या तारखेले उघडते?"

"सव्वीसले, मावशी," रत्नमाला म्हणाली.

गुणाबाईनं बोटांवर काहीतरी मोजलं, मग वळून बायांना तलावाच्या त्या पाळीवर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ज्याईले नावं लिवून पाहिजे, त्याईनं आत्ताच लिवून घ्या वं! सव्वीसनंतर माह्या पोरीले टाइम भेटनार नाई."